आठ मात्रांत दहा पावलं

स्विंग नाचाच्या नवशिक्यांच्या वर्गाला हौसेनं जोडीनं गेलेल्यांची पहिली निराशा ठरलेली असते. सुरुवातीचा बराच वेळ कोणी कोणाचा हात धरत नाही. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि गाणं लागलं की गुडघे सैल सोडून ठेक्यावर खाली दबायचं. वर उसळायचं नाही. शिक्षक हे पुन्हा पुन्हा बजावतात, कारण ‘नाचा’ म्हटलं की माणूस आपसूक उड्या मारायला लागतो. दुसरी निराशा थोड्या वेळानं येते. हात धरायची वेळ झाली की सगळ्यांना मोठ्या गोलात उभं करतात, एक चाल दोन-तीनदा करून घेतात आणि हुकूम सुटतो, ‘जोडीदार बदला!’ बघता बघता तुमची बायको हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते आणि एका अनोळखी गृहस्थाच्या बुटावर पाय देऊन त्याची माफी मागत असते.

हे दोन्ही प्रकार मुद्दाम केलेले असतात. या वर्गात पावलं शिकवतात असं वरवर दिसतं, पण पावलं तासाभरात येतात. आपला भार आत्ता कुठल्या पायावर आहे, जोडीदाराचा कुठल्या पायावर आहे आणि ते डोळ्यांनी न बघता हातातून कसं कळतं, हे यायला महिने जातात. पहिल्या तासापासून सगळा खटाटोप चाललेला असतो तो यासाठी.

‘स्विंग’ म्हणजे एकच नाच नव्हे, ते एक मोठं कुटुंब आहे. कॅलिफोर्नियात गर्दीच्या हॉलमध्ये बिलगून नाचला गेलेला बाल्बोआ, झपाझप पायांचा शॅग, नृत्यशाळांनी सोपा करून घरोघरी पोचवलेला ईस्ट कोस्ट स्विंग, संथ आणि लवचीक वेस्ट कोस्ट स्विंग ही सगळी त्यातली मंडळी. यांतल्या शेवटच्या दोघांचा मूळपुरुष लिंडी हॉप. १९२०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी तो घडवला. त्यात आधीचा चार्ल्सटन होता, टॅप होता आणि ‘ब्रेकअवे’ नावाचा एक नाचही होता. ब्रेकअवेची खुबी अशी की, जवळ धरून नाचता नाचता जोडीनं एकमेकांना सोडायचं, आपापली करामत करायची आणि पुन्हा जवळ यायचं. युरोपी वॉल्ट्झमध्ये जोडी एकमेकांना धरून असते. इथे ती सुटते, आणि सुटल्यावर काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. लिंडी हॉपची सगळी मजा या सुटण्यात आहे.

नावाची गोष्ट मजेशीर आहे. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकटा विमान उडवत अटलांटिकपार गेला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका अखंड नृत्यस्पर्धेत ‘शॉर्टी’ जॉर्ज स्नोडेन या नर्तकाला कोणीतरी विचारलं, तू पायांनी हे काय करतोयस? तो म्हणे उत्तरला, लिंडी हॉप, म्हणजे लिंडबर्गची उडी. ही कथा कितपत खरी यावर जाणकारांत वाद आहेत. वर्गात मात्र ती हमखास सांगितली जाते.

आता पावलांकडे येऊ. या संगीतात एका मापात चार मात्रा असतात आणि नाचणारा दोन मापं मिळून आठ मात्रांचं एक आवर्तन धरतो. मात्रा सारख्या पडतात, पण प्रत्येक मात्रेची दोन अर्धुकं सारखी नसतात. पहिलं लांब, दुसरं आखूड. हा लंगडा तोल म्हणजेच स्विंग. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातली कुठलीही मध्यम लयीची ध्वनिमुद्रिका लावा. वॉल्टर पेजचा बास आणि फ्रेडी ग्रीनची गिटार चारही मात्रा एकसारख्या चालवत असतात आणि जो जोन्सच्या झांजेवर तो लांब-आखूड तोल ऐकू येतो. अशी मुद्रणं नवशिक्यांच्या वर्गात फार उपयोगी पडतात, कारण ठेका शोधावा लागत नाही.

मराठी कानाला हा बाज अगदीच अनोळखी नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांसारखे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत आपापले बँड घेऊन वाजवत होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गोव्याचे वादक तयार झाले. त्यांतला हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, पुढे सी. रामचंद्रांचा साथीदार झाला. भगवानदादांच्या ‘अलबेला’तली (१९५१) गाणी आवडत असतील, तर या घराण्याची एक पाती तुमच्या घरात आधीच आलेली आहे.

वर्गात शिकवायचं पहिलं पाऊल म्हणजे रॉक स्टेप. एक पाय मागे टेकवून त्यावर भार द्यायचा आणि परत पुढच्या पायावर यायचं. दोन मात्रा, दोन पावलं. दुसरं, ट्रिपल स्टेप. दोनच मात्रांत तीन पावलं, आणि तीही त्याच लांब-आखूड-लांब तोलात. तिसरं म्हणजे साधी चाल, मात्रेला एक पाऊल. रॉक स्टेप, ट्रिपल स्टेप, दोन पावलं चाल, पुन्हा ट्रिपल स्टेप. मोजून पाहा. आठ मात्रांत दहा पावलं.

ट्रिपल स्टेप आहे तरी कशासाठी? निव्वळ नखऱ्यासाठी नव्हे. चालताना पाय आलटून पालटून पडतात. दोन मात्रांत दोन पावलं टाकली, तर भार होता त्याच पायावर परत येतो. तीन टाकली, तर पाय बदलतो. एका आवर्तनात दोन ट्रिपल असल्यामुळे पाय दोनदा बदलतो आणि एकूण दहा, म्हणजे सम संख्येची पावलं झाल्यावर, तुम्ही बरोब्बर सुरुवातीच्या पायावर उभे असता. मधलं एक इवलं पाऊल खाल्लं, की पुढच्या आवर्तनात उजव्याच्या जागी डावा येतो आणि समोरच्या माणसाचा गुडघा तुमच्या गुडघ्यावर आदळतो. नवशिक्यांच्या टकरींचं मूळ बहुतेक वेळा या खाल्लेल्या पावलात असतं. त्यावर उपाय एकच. पावलं लहान टाकायची. जेवढं पाऊल मोठं, तेवढा पुढच्या पावलाला उशीर.

बऱ्याच वर्गांत आठच्या आधी सहा मात्रांची चाल शिकवतात, रॉक स्टेप आणि दोन ट्रिपल. शिकायला ती सोपी आहे, पण तिच्यात एक मेख आहे. संगीत आठाच्या हिशेबानं चाललंय आणि तुम्ही सहाच्या. पहिल्याच चालीनंतर तुमची सुरुवात आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर येते, मग पाचव्या, मग तिसऱ्या. चार चाली झाल्या की चोवीस मात्रा पुऱ्या होतात आणि तुम्ही पुन्हा सुरात सूर मिळवता. मुरलेल्या नाचणाऱ्यांना हा लपंडाव फार आवडतो. ते सहा-आठ अशी सरमिसळ करून नेमके गाण्याच्या वळणावर येऊन उभे राहतात. नवशिक्याला फक्त एवढंच जाणवतं की काहीतरी निसटतंय. ते तसं निसटू द्यावं. ठेका सुटला नाही म्हणजे झालं.

या सगळ्याचा कळस म्हणजे स्विंग आउट, लिंडी हॉपची पायाभूत चाल. लीडर (चालीचा इशारा देणारा) आणि फॉलोअर (तो उचलणारी) एका हातानं एकमेकांना धरून समोरासमोर उभे. पहिल्या दोन मात्रांत लीडर किंचित मागे जातो आणि फॉलोअर त्याच्याकडे चालत येते. तिसऱ्या-चौथ्या मात्रेत दोघं जवळ येतात, लीडरचा उजवा हात तिच्या पाठीवर जातो आणि जोडी मिळून अर्धी फिरते. पाचव्या मात्रेला ती आपल्या वाटेला लागलेली असते. सातव्या-आठव्यात ती हाताच्या अंतरावर पोचते, हात ताणला जातो, आणि त्या ताणातूनच पुढचा एक सुरू होतो.

इथे लीडर मंडळींची हमखास चूक होते. पाचव्या मात्रेला ते हाताच्या जोरावर समोरच्या बाईला भिरकावतात. याची अजिबात गरज नसते. ती तिसऱ्या मात्रेपासून वेगात आहे आणि फिरण्याची दिशाही तिला मिळालेली आहे. निघालेल्या माणसाला ढकलावं लागत नाही, त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं. चांगले शिक्षक म्हणूनच लीडरना सांगतात, हात विसरा, पोट फिरवा. इशारा जातो तो धडाच्या हालचालीतून. हात फक्त तो पोचवतो.

फुगडी खेळलेल्या बाईला हा ताण समजावून सांगावा लागत नाही. पाय जवळ, शरीर मागे झुकलेलं, आणि दोघींपैकी एकीनं हात सोडला तर दुसरी पडणारच. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हातात असतो आणि गिरकीचा वेग त्यातूनच येतो. स्विंग आउटच्या शेवटी नेमका हाच झुकाव असतो, फक्त क्षणभराचा. फुगडीत तो सतत टिकवायचा असतो, इथे तो तयार करून लगेच गतीत खर्चून टाकायचा. आणि पकड वेगळी. फुगडीत मूठ घट्ट हवी. इथे बोटांचे नुसते आकडे एकमेकांत अडकवायचे, अंगठ्यानं दाबायचं नाही. अंगठा आवळला की समोरच्याचं मनगट अडकतं आणि गिरकीत ते पिरगळू शकतं.

जोडीदार बदलण्याचं गुपितही यात आहे. नवरा-बायको एकमेकांच्या चुकांना फार लवकर सरावतात. तो इशारा देत नाही, तरी तिला पुढची चाल पाठ असते म्हणून ती फिरते, आणि दोघांना वाटतं, जमलं. अनोळखी माणसापुढे हे सोंग चालत नाही. गोलात एकामागून एक हात हातात येतात. एक हात गजासारखा ताठ, त्याला काही सांगायला जावं तर अख्खा माणूस ढकलावा लागतो. पुढचा इतका सैल, की तुम्ही दोन पावलं मागे गेलात तरी पलीकडे खबर पोचत नाही. त्यानंतरची फॉलोअर भलती उत्साही, तुमच्या आधीच निघालेली. आणि मग एखादी अशी येते की, तुम्ही नुसता श्वास घेऊन भार बदललात आणि ती तयार. त्या अर्ध्या मिनिटात जे कळतं, ते तासभर भाषण ऐकून कळत नाही. आधीच निघणाऱ्यांसाठी शिक्षकांकडे एक नामी उपाय असतो. फॉलोअरना डोळे मिटायला सांगतात आणि लीडरना गुपचूप सांगतात, मध्येच चार मात्रा काहीच करू नका. कोण ऐकत होतं आणि कोण अंदाज बांधत होतं, ते लगेच उघडं पडतं.

पुरुष लीडर आणि स्त्री फॉलोअर ही जुनी वाटणी होती. आज अनेक वर्गांत सुरुवातीलाच विचारतात, तुम्हाला काय शिकायचंय? बायका लीड करतात, पुरुष फॉलो करतात, काही जण दोन्ही शिकतात. दोन्ही शिकलेला माणूस नाचायला जास्त चांगला लागतो, कारण आपल्या हाताचा त्रास समोरच्याला कसा होतो, ते त्यानं स्वतः भोगलेलं असतं.

आता एक विसंगती. वर्गात जी मोजणी शिकवतात, ‘एक, दोन, तीन-आणि-चार’, ती हा नाच घडवणाऱ्यांच्या तोंडी नव्हती. त्यांची शाळा म्हणजे सॅव्हॉय बॉलरूम. हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर १२ मार्च १९२६ रोजी तो सुरू झाला. रस्त्यावरच्या दोन चौकांमधली अख्खी जागा व्यापणारा हॉल, दोन बँडसाठी दोन मंच, म्हणजे संगीत थांबायलाच नको. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात कलावंत कृष्णवर्णीय आणि गिऱ्हाईक मात्र फक्त गोरे. सॅव्हॉयमध्ये दोघंही एकाच फरशीवर नाचायचे. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. १९४३ साली शहराच्या प्रशासनानं अनैतिकतेचा ठपका ठेवून सॅव्हॉय काही महिने बंद पाडला, तेव्हा खरं दुखणं हे मिसळणंच आहे, असं हार्लेममध्ये अनेकांना वाटत होतं.

तिथे शिकवणीचा तास नव्हता. बघायचं, चोरायचं, घरी घोटायचं. नॉर्मा मिलर या मुलीचं घर सॅव्हॉयच्या मागच्या बाजूला होतं. आत नाचणाऱ्यांकडे घरातून बघत ती शिकली. फ्रँकी मॅनिंग या मुलाला तर त्याच्या आईनंच सुनावलं होतं की, तू फारच ताठ आहेस, तुला नाच जमायचा नाही. तो खोलीत झाडू किंवा खुर्ची धरून सराव करायचा. पुढे याच ताठ मुलानं लिंडी हॉपचा देहच बदलला. स्नोडेनची पिढी सरळ उभी राहून नाचायची. मॅनिंग गुडघे वाकवून, पळणाऱ्यासारखा पुढे झुकून नाचला. आज पहिल्या तासाला तुम्हाला जे ‘खाली दबा’ म्हणून सांगतात, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. १९३५च्या सुमारास त्यानं फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारिणीबरोबर गादी टाकून सराव केला आणि सॅव्हॉयमधल्या एका चढाओढीत तिला पाठीवरून पलीकडे उलटवून तालात जमिनीवर उतरवलं. जोडीनाचातल्या हवेतल्या कसरतींची परंपरा तिथून धरतात. नवशिक्यांनी त्यांचा विचारही करू नये. सामाजिक नाचाच्या गर्दीत तर मुरलेल्यांनीही करू नये.

मॅनिंग, मिलर ही मंडळी ‘हेलझापॉपिन’ (१९४१) या चित्रपटात दिसतात. स्वयंपाकी, मोलकरणी, नोकर अशा वेशात ती येतात, अडीच-तीन मिनिटं पडदा पेटवतात आणि निघून जातात. त्या काळी हॉलिवूडनं कृष्णवर्णीय कलावंतांना दिलेली जागा एवढीच. मग युद्ध आलं, नर्तक सैन्यात गेले. १९४४ साली नाचाच्या जागांवर जबर करमणूक कर बसला आणि अनेक मालकांनी नाचच बंद करून टाकला. संगीतही बीबॉपकडे, म्हणजे बसून ऐकायच्या जाझकडे वळलं. १९५८ साली सॅव्हॉय बंद झाला आणि पाडून तिथे घरं बांधली गेली. मॅनिंगनं टपाल खात्यात नोकरी धरली आणि तिथे तो तीस वर्षं राहिला.

१९८०च्या दशकात स्वीडन, इंग्लंड आणि कॅलिफोर्नियातली काही तरुण मुलं जुने चित्रपट पाहून या नाचाच्या मागे लागली. चित्रफीत मागेपुढे करून पावलं उतरवायची, हा त्यांचा अभ्यास. १९८६ साली एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल या दोघांनी न्यूयॉर्कला येऊन मॅनिंगला गाठलं. फोनवर विचारलं, ‘तुम्ही नर्तक फ्रँकी मॅनिंग का?’ तर तो म्हणाला, ‘नाही, मी टपाल खात्यातला फ्रँकी मॅनिंग,’ अशी गोष्ट सांगतात. शिकवणं आपल्याला येत नाही, असं त्याचं म्हणणं. तो नाचायचा आणि तोंडानं ठेका गायचा, आणि शिष्य त्याच्या पायांकडे बघून आकडे मांडायचे. मोजणीच्या आजच्या पद्धतीला आकार आला तो अशा परक्या विद्यार्थ्यांच्या गरजेतून. ज्या मुलांच्या घरात, मोहल्ल्यात, लग्नकार्यात हा नाच कधी नव्हता, त्यांना आकड्यांखेरीज दुसरा दरवाजाच नव्हता. पुढे मॅनिंग देशोदेशी शिकवत फिरला. स्टॉकहोमच्या उत्तरेला हेरँग नावाच्या खेड्यात १९८२पासून भरणाऱ्या शिबिराचा तो अनेक वर्षं आधारवड होता. २००९ साली ९५व्या वाढदिवसाला महिनाभर बाकी असताना तो गेला. त्याची जन्मतारीख, २६ मे, आता जागतिक लिंडी हॉप दिन म्हणून पाळतात.

आकडे वाईट नाहीत. पण जो शिक्षक पूर्ण तास मोठ्यानं आकडेच म्हणत राहतो आणि गाणं लावतच नाही, त्याचे विद्यार्थी आकड्यांवर नाचायला शिकतात. ठेका तोंडानं गाऊन दाखवणारा शिक्षक मिळाला, तर त्याला सोडू नका. आणि पहिल्या आठवड्यात हार्लेमचं नावसुद्धा न घेता जो ‘जुन्या जमान्यातला मजेदार नाच’ म्हणून हे विकतो, तो अर्धा माल देतोय. कृष्णवर्णीयांनी कडक वंशभेदाच्या काळात स्वतःच्या आनंदासाठी घडवलेली ही कला आहे आणि आज जगभरच्या वर्गांत त्यांचेच वंशज कमी दिसतात, ही बोच त्या वर्तुळात आता उघडपणे बोलली जाते. ती नवशिक्यांच्या कानावर पडायला हवी.

जायचं ठरवलं असेल, तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. रबरी तळव्याचे बूट नकोत. ते फरशी पकडून बसतात आणि गिरकीतला पीळ घोट्यात नाहीतर गुडघ्यात जातो. गुळगुळीत चामडी तळवा बरा. एक जादा शर्ट आणि छोटा टॉवेल बरोबर न्या, कारण वर्गातल्या प्रत्येकाचा हात तुमच्या घामेजल्या पाठीवर येणार आहे. पायांकडे बघू नका. मान खाली गेली की भार पुढे पडतो आणि समोरच्याला तुमचा अख्खा ओणवा देह सांभाळावा लागतो. चुकलात तर थांबू नका, पुढचा एक पकडा.

आणि वर्ग सुटल्यावर लगेच घरी पळू नका. बहुतेक ठिकाणी त्यानंतर सगळ्यांसाठी खुला नाच असतो आणि नवशिके नेमके तेव्हाच चपला शोधतात. थांबा, मध्यम लयीचं एखादं गाणं लागलं की तुमच्यापेक्षा बरं नाचणाऱ्या कुणाला तरी विचारा. येत असलेल्या दोनच चाली गाणं संपेपर्यंत आलटून पालटून करा. समोरच्याला अजिबात कंटाळा येत नाही.